काळांचा सराव आणि अमराठी विद्यार्थी

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी हा विषय सक्तीचा झाला. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत याचा अर्थ असा, की घरी गुजराती बोलणारी पुष्कळ मुले मराठी क्रियापद वर्गात शिकतात. ती ते कशी शिकतात, याची चर्चा मात्र क्वचितच होते. सरावासाठी बहुधा तीन काळांचे कोष्टक पुढे केले जाते. तेही सर्वांना एकच.

वस्तुतः अडचण काळाची नसतेच. गुजरातीत ‘हुं जाउं छुं’ असे मुलगा म्हणतो आणि मुलगीही. मराठीत ‘मी जातो’, ‘मी जाते’ हा लिंगभेद वर्तमानकाळातच करावा लागतो. हिंदीभाषक मुलाला तो ओळखीचा आहे. त्याचा घोटाळा भविष्यकाळात होतो, कारण ‘जाऊँगा’, ‘जाऊँगी’ या सवयीने तो ‘जाईन’मध्येही लिंग शोधतो. उलट, ‘में चिठ्ठी लखी’ म्हणणाऱ्याला ‘मी चिठ्ठी लिहिली’ यातील कर्मानुसारी क्रियापद समजावून सांगण्यात दिवस घालवणे व्यर्थ होय. त्याला ‘तू लिहिलीस’मधला ‘स’ तेवढा नवा. नॉर्वेजियन भाषेत ‘गोर’ हे एकच वर्तमानकालीन रूप सर्व पुरुषांना व वचनांना चालते. तेथील कोष्टक खरोखरच काळाचे असते. आपले लिंग, वचन, पुरुष आणि कर्म यांचेही असते.

शिवाय आपल्याकडे काळाचे नाव आणि रूपाचा उपयोग यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. ‘आलोच!’ म्हणणारा पुष्कळदा जागचा हललेलाही नसतो, आणि ‘उद्या येतो’ यातील येणे वर्तमानातले नव्हे. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) क्रियारूपांना काळावरून नव्हे, तर प्रत्ययावरून ‘ताख्यात’, ‘लाख्यात’ अशी नावे दिली, त्यामागील दृष्टी येथे उपयोगी पडावी. या संज्ञा वर्गात नेण्याचे धाडस कोणी करू नये! परंतु सराव कोष्टकातील रकान्यांचा न करता प्रसंगांचा करावा, आणि तो विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेशी ताडून करावा, असे आमचे मत आहे. निघताना मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो. कोणत्याही कोष्टकात हे वाक्य नीट बसत नाही. पण ज्या घरात पाहुण्याला ‘आवजो’ म्हणून निरोप देतात, तेथील मुलाला ते चटकन उमगते.