लूनाचा मागचा दिवा

लूना १९७२ साली बाजारात आली. नगरच्या कायनेटिक कारखान्याची ही गाडी अजून काही घरांत आहे, पण मागचा दिवा गंजून बंद. उसाच्या हंगामात रात्रपाळीहून परतताना मागच्या ट्रॅक्टरवाल्याला आपण दिसणार कसे?

दिव्याची पत्र्याची बैठक काढताना घाई नको. स्क्रू तारेच्या ब्रशने घासून डिझेलचे थेंब सोडावेत, रात्रभर मुरू द्यावेत. सकाळी पुसून पेचकस लावावा, त्यावर हातोडीने हलके ठोकावे. स्क्रू आधी किंचित आवळावा, मगच सोडवावा. खाच झिजली तर जोर व्यर्थ; डोके ड्रिलने उडवावे.

बल्ब लगेच बदलू नका. पुष्कळदा तो चांगला असतो, गंजाने अर्थिंग तुटलेले असते. (दुकानदार हे सांगत नाही!) बैठक मडगार्डला टेकते तेवढा पत्रा चकचकीत घासून कोरा ठेवावा, बाकी सगळीकडे रेड ऑक्साईड लावावे.