परी नव्हे, आसरा



पनवेलच्या आमच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्क सत्र असते. तुमच्याप्रमाणेच नोकरी आणि घर सांभाळून शिकणारी मंडळी तेथे येतात. मागील सत्रात एका विद्यार्थिनीने संकोचत विचारले, "सर, लोकलमध्ये मी 'फे' लोकांच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचते. त्यांना साहित्य म्हणायचे का?" वर्ग हसला. मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही.

सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) किंवा हॉली ब्लॅक यांची 'द क्रुएल प्रिन्स' (२०१८) या अशा कादंबऱ्या. त्यांत अमानवी सरदारांचे दरबार असतात, मेजवान्या असतात, देखणा पण निर्दय राजपुत्र असतो आणि त्याच्याशी सौदा करणारी मर्त्य मुलगी असते. या 'फे'चे मराठीत 'परी' असे भाषांतर केले की सारा मामलाच बिघडतो. फारसीतून आलेली आपली परी सुंदर आणि निरुपद्रवी. तिला भिण्याचे कोणाला कारण नाही.

आपल्याकडे जवळचा शब्द आहे तो 'आसरा'. विहिरी आणि नदीच्या डोहांवर वास करणाऱ्या साती आसरांना गावोगावी हळदकुंकू वाहतात, आणि भिऊनही असतात. संस्कृत 'अप्सरा', प्राकृत 'अच्छरा', मराठी 'आसरा' असा या शब्दाचा प्रवास. स्वर्गातली नर्तिका खाली उतरता उतरता पाण्यात ओढून नेणारी झाली! गंमत अशी की मराठीत दुसराही 'आसरा' आहे. तो 'आश्रया'पासून आला आणि त्याचा अर्थ निवारा. व्युत्पत्तीने या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही या कादंबऱ्यांची मोहिनी मला याच योगायोगात दिसते: जो बुडवू शकतो, त्याच्याच घरी निवारा मागायचा.

आणि तो मागायचा शब्दांनी. ब्लॅक यांच्या कथाविश्वात फेंना खोटे बोलता येत नाही. शब्दांतली फट मात्र त्यांना अचूक सापडते. म्हणून नायिका ज्यूडही तोलून मापून बोलते आणि राजपुत्राकडून एक वर्ष व एक दिवस आज्ञेत राहण्याचे वचन घेते. जे. एल. ऑस्टिन यांनी उच्चार हीच कृती असते हे मांडले, त्यांचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. कोकणातल्या गुरवाला हे ठाऊक होतेच. गाऱ्हाणे घालताना तो कोणाचे, कशासाठी, काय फेडणार हे एकेक करून बोलतो आणि जमलेले लोक 'होय महाराजा' म्हणून ते पक्के करतात. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. बोललेला नवस फेडावा लागतो.

अटीवरचे प्रेमही आपल्याला नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उर्वशी आणि पुरूरवा यांचा संवाद आहे; त्यामागची अट शतपथ ब्राह्मणात सांगितली आहे. राजा तिला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांनी तिची कोकरे पळवली, राजा तसाच अंधारात धावला, आणि त्यांनी नेमकी वीज चमकवली. फे दरबाराला शोभेल अशीच ही लबाडी. महाभारतातली गंगाही शंतनूला प्रश्न न विचारण्याची अट घालते. तो विचारतो आणि ती निघून जाते.

येथे माझे मत स्पष्ट सांगतो. जुन्या कथांत अट घालणारी अमानवी स्त्री निघून जाऊ शकते. नव्या कादंबऱ्यांत बळ पुरुषाकडे आहे, आणि त्याचे क्रौर्य हळूहळू प्रेमाचे लक्षण ठरू लागते, तेथे मी थांबतो. 'पदरी पडले पवित्र झाले' ही म्हण आपण मुलींना पुरेशी ऐकवली आहे. लग्नाच्या बैठकीत याद्या होतात, देण्याघेण्याचे शब्द मोठी माणसे बोलतात. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानंतरही ते हलक्या आवाजात बोलले जातात. ज्या मुलीविषयी हा सारा सौदा होतो, ती आत चहा ओतत असते. ज्यूड निदान स्वतःच्या अटी स्वतः बोलते. म्हणून या कादंबऱ्या वाचू नका असे मी म्हणणार नाही. राजपुत्र किती देखणा आहे ते वाचाच, पण कोणत्या क्षणी नायिकेला 'नाही' म्हणता येत होते, त्या पानावर खूण करा.

त्या विद्यार्थिनीला मी स्वाध्यायासाठी 'उर्वशीची अट आणि ज्यूडची अट' हा विषय दिला आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की लिहिते, म्हणाली.