करोडगिरीचा नाका उठला, पुढे काय?

आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाहून नगरला जायचे म्हणजे माझ्या आजोबांच्या काळी परमुलखात जाणे होते. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. मध्ये करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे हैदराबाद संस्थानाचे जकात खाते. १८०२ साली निजाम आणि कंपनी सरकार यांच्यात व्यापाराचा तह झाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शेकडा पाच हा जकातीचा दर ठरला. तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या डोक्यात घर करून राहिला. नाणेही वेगळे. आमच्याकडे हाली सिक्का, त्यांच्याकडे कलदार. सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती पडत. आजोबा सांगत, नगरच्या बाजारातून कापड आणायचे तर आधी सराफाकडे जा, मग नाक्यावर थांबा. भाषा एक, देव एक, सोयरीक एक; पण बाजार दोन.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. नाका मात्र त्याच दिवशी उठला नाही. राज्यघटनेच्या कलम ३०६ ने अशा राज्यांना आपली जकात काही वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली होती. ती टप्प्याटप्प्याने संपली, हालीही चलनातून गेला. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. दोन शेजारी देशांचा एक बाजार झाला. आज जगभर ज्याला आर्थिक एकात्मता म्हणतात, ती आमच्या जिल्ह्याने अशी अनुभवली आहे. तिचा हिशेब मात्र कोणी नीट मांडलेला नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. व्यापाराचा धडा आला की रिकार्डोचे १८१७ सालचे उदाहरण फळ्यावर लिहायचो. पोर्तुगालमध्ये दारू ऐंशी माणसांच्या श्रमात होते, कापड नव्वदांच्या. इंग्लंडला दारूला एकशेवीस लागतात, कापडाला शंभर. पोर्तुगाल दोन्हींत सरस, तरीही त्याने दारू करावी, इंग्लंडने कापड करावे आणि अदलाबदल करावी, त्यात दोघांचाही लाभ. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मग आपल्या बीडनं काय करायचं? आपल्याकडं तर कोयताच हाय.” वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. त्या मुलाचे आईवडील त्या वेळी कारखान्यावर होते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर आज द्यायचा प्रयत्न करतो.

नाका उठत होता तेव्हा पलीकडे काय घडत होते ते पाहा. प्रवरेवरचे भंडारदरा धरण इंग्रजी अमलात, १९२६ सालीच पुरे झाले होते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर असे कारखान्यांचे जाळे विणले गेले. अलीकडे काय होते? मांजरा नदी उगम पावते ती आमच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. निजाम सरकारने तिच्यावर मोठे धरण बांधले, पण ते खाली तेलंगणात. १९३१ सालचे ते निजामसागर. त्याच्या लाभक्षेत्रातल्या बोधनला १९३७ साली साखर कारखाना उभा राहिला. उगम आमचा, साखर बोधनची. तेव्हा दोन बाजार एक झाले त्या घडीला एका शेजाऱ्याकडे पाणी, ऊस, भांडवल आणि संघटना होती; दुसऱ्याकडे हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि रिकामे हात. विशेषीकरण झाले ते असे. त्यांनी साखरेत प्रावीण्य मिळवले, आम्ही कोयत्यात.

रिकार्डोच्या उदाहरणातली एक अट आम्ही विद्यार्थ्यांना घाईघाईने सांगतो. त्यात माल सीमा ओलांडतो. माणसे आणि भांडवल आपापल्या देशात राहतात. पोर्तुगालची दारू पोर्तुगालमध्येच होते, म्हणून द्राक्षमळ्याभोवतीचे सारे काही पोर्तुगालमध्येच वाढते. आमच्याकडे उलटे झाले. माल नाही, माणूसच सीमेपार गेला. साखर तिथे, मळी तिथे, आसवनी तिथे. कारखान्याच्या जोरावर उभी राहिलेली शाळा, इस्पितळ, तंत्रनिकेतनेही तिथेच. कारखान्याचे सभासद ऊस पिकवणारे. तो तोडणारा सभासद नव्हे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि पट्टा पडला की परततात. सोबत येते ती फिटलेली किंवा न फिटलेली उचल.

या सौद्याने काहीच दिले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या भागातली कितीतरी घरे कारखान्याच्या उचलीवर तगली. मुलीचे लग्न, विहिरीचे खोदकाम, बैलजोडी, सारे तिच्यावर झाले. नाका राहिला असता तर ही वाटही बंद राहिली असती. नाका उठला हे चांगलेच झाले. माझी तक्रार वेगळी आहे. सीमा उठली ती श्रमापुरती पुरती उठली, बाकी बाबतीत अर्धीमुर्धीच.

दोन उदाहरणे देतो. आमच्याकडे विकण्याजोगा माल होता तो कापूस. पण १९७२ पासून जवळपास तीस वर्षे, मधले थोडे खंड वगळता, कापूस एकाधिकार योजनेने शेतकऱ्याला तो राज्याबाहेर नेऊन विकण्याची बंदी होती. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी कापसाला सीमा होती. त्याच शेतकऱ्याच्या मुलाला कर्नाटकातल्या कारखान्यावर ऊस तोडायला जाताना मात्र कोणी अडवत नव्हते. दुसरे उदाहरण कायद्याचे. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केंद्राने कायदा केला, तो फक्त राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. चार दशके स्थिती अशी होती की बीडचा माणूस बेळगावकडे गेला तर कायद्याच्या लेखी स्थलांतरित, आणि कोल्हापूरला गेला तर तो कोणीच नव्हे.

युरोपातल्या सहा देशांनी १९५७ साली रोमचा करार करून सामाईक बाजार उभारला. त्या बाजाराने १९५८ साली जे पहिले काही नियम केले, त्यांतला तिसरा नियम स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा होता. इटलीचा मजूर बेल्जियमच्या खाणीत गेला तर त्याची तिथली वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जावीत, एवढी ती साधी गोष्ट. बाजार एक करायचा तर माणसाचा हक्क त्याच्या पाठोपाठ गेला पाहिजे, हे त्यांना पहिल्याच वर्षी उमगले. आम्ही तर एका राज्याचे रहिवासी. आम्हाला ते अजून पुरते उमगलेले नाही.

हक्क मागे राहिला की काय होते, याचा दाखला आमच्याच जिल्ह्याने दिला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई पाळीमुळे, दुखण्यामुळे घरी बसली तर खाडा दोघांचा. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यापुढे माझ्या फळ्यावरचे ऐंशी, नव्वद आणि शंभर मला फार लहान वाटतात.

काही पावले पडली आहेत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ झाले; गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून त्याला द्यायचे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. पण मजुराचा करार अजूनही बहुधा मुकादमाशी होतो, कारखान्याशी नव्हे. कारखान्याच्या वहीत टोळीची नोंद होते. टोळीतल्या बाईचे नाव क्वचितच. ज्याचे नाव नाही त्याचा विमा कसला आणि बाळंतपणाची रजा कसली? म्हणून पहिली मागणी साधी आहे. प्रत्येक हाताचे नाव कारखान्याच्या हजेरीत आले पाहिजे, बाईचे स्वतंत्र. आणि त्या नावामागे विमा, दवाखाना आणि मुलांची शाळा आपोआप आली पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. कोयता हा काही आमच्या मातीचा गुण नव्हे. जायकवाडीचे पाणी आले आणि सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, तेव्हा त्याच बीड जिल्ह्यात ऊस पिकला, कारखानेही उभे राहिले. पण सगळ्यांनीच उसामागे धावावे एवढे पाणी आमच्याकडे नाही. बालाघाटच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा गर इथेच निघाला, कापसाचे सूत इथेच कातले गेले, तर विशेषीकरणाचा अर्थ आमच्यासाठीही बदलेल. हे लवकर व्हायला हवे. फडात आता तोडणी यंत्रे उतरू लागली आहेत. ज्या मुलखाने एकच कसब विकायला ठेवले आहे, त्याचे गिऱ्हाईक यंत्राकडे वळले तर त्या मुलखाने जायचे कुठे?

१९९५-९६ च्या सुमारास मंजूर झालेल्या अहमदनगर-बीड-परळी मार्गावर २०२२ साली आष्टीपर्यंत गाडी आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनीच, ती बीडला पोहोचली. नगरचे आता अहिल्यानगर झाले. आजोबांची नाक्याची वाट आणि आगगाडीची वाट साधारण एकच. गाडी आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण रूळ दोन्ही दिशांनी चालतात. त्यांवरून इथला माल बाहेर जातो की पूर्वीप्रमाणे इथली माणसेच, हे रेल्वे ठरवणार नाही. ते मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आपण काय उत्तर देतो, यावर ठरेल.