हिरवा ठिपका काय सांगतो?

वाढदिवसाला जमलेल्या मुलांपुढे जेलीच्या गोळ्यांची बशी येते. एक मूल अंडेही न आणणाऱ्या घरातले, दुसरे मुसलमान घरातले. दोघांच्या आया पाकीट उलटून पाहतात. त्यांना शंका असते ती बहुधा एकाच पदार्थाची : जिलेटिन. जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून ते बनते. शंका एक असली, तरी प्रश्न दोन आहेत.

पहिलीचा प्रश्न, यात प्राण्याचे काही आहे का? याचे उत्तर देणे कायद्याने सक्तीचे आहे. चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहारी. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे, रंगांधांचा घोटाळा होऊ नये म्हणून 2020च्या नियमांनी त्याचा त्रिकोण केला. नुसते अंडे असले तरी त्रिकोण लागतो. दूध, मध आणि लाख मात्र यातून वगळली आहेत. म्हणजे चकचकीत गोळीवर किड्यापासून मिळणाऱ्या लाखेचा थर असला, तरी ठिपका हिरवाच!

दुसरीचा प्रश्न, प्राणी कोणता, त्याची कत्तल धर्मनियमाप्रमाणे झाली का, आणि यात मद्य आहे का? हलालची खूण त्याचे उत्तर देते. ती सक्तीची नाही. आपल्याकडे बहुतांशी खासगी संस्था ती देतात. माशाच्या जिलेटिनची गोळी हलाल असू शकेल, शाकाहारी नव्हे. ब्रँडी भरलेले चॉकलेट शाकाहारी ठरेल, हलाल नव्हे. आणि हलालची खूण म्हणजे आत मांस, असेही नाही. निव्वळ वनस्पतिजन्य मालावरही ती असते, कारण परदेशी ग्राहक ती मागतो.

नोव्हेंबर 2023मध्ये उत्तर प्रदेश सरकारने अशा खुणेच्या मालावर बंदी घातली. दुहेरी प्रमाणपत्रांनी गोंधळ होतो, हे कारण दिले. निर्यातीचा माल मात्र वगळला. पण गोंधळ खुणा दोन असल्याने होत नाही, एका खुणेकडून दुसरीचे उत्तर मागितल्याने होतो. डिसेंबर 2021मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अधिक मुळाशी हात घातला होता : घटक कितीही थोडा असो, तो वनस्पतीचा की प्राण्याचा, हे ग्राहकाला कळलेच पाहिजे.

तोवर यजमानांनी एवढे करावे. गोळ्या बशीत ओतल्या, तरी पाकीट फेकू नये, बशीशेजारीच ठेवावे. ज्याला जे वाचायचे, ते तो वाचील, आणि कुणालाही संकोचाने विचारावे लागणार नाही.