काखडीचें शेत व गौतमीपुत्राची थोरवी

मिसर देशाचीं दोन राज्यें सुमारें ५,००० वर्षांपूर्वीं एका छत्राखालीं आणणाऱ्या नार्मर राजाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांतून आमच्या मुलांच्या कानीं पडतें. परंतु दक्षिणेंतील विस्कळित मुलूख पुन्हां एक करणारा गौतमीपुत्र सातकर्णी नाशिकच्या वेशीवर, पांडवलेण्यांत, आपली हकीकत दगडावर ठेवून गेला आहे. तेथें आमचे लोक सहलीस जातात आणि लेख न वाचतां परत येतात!

क्षहरात नहपानानें बळकावलेलें राज्य या सातवाहन राजानें परत जिंकलें. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप मारलेला आहे. मूळक, अश्मक, विदर्भ, अपरांत, सौराष्ट्र, अवंति इतके देश त्याच्या सत्तेखालीं होते, असें त्याची आई गौतमी बलश्री हिनें नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षीं कोरविलेल्या लेखांत म्हटलें आहे.

याच लेखांत राजाला अद्वितीय ब्राह्मण म्हटलें असून, त्यानें क्षत्रियांचा गर्व उतरविला व चार वर्णांचा संकर थांबविला, अशी स्तुति आहे. तेवढ्याच ओळी हातीं धरून जातीची थोरवी गाणारे पुढचें कां वाचीत नाहींत? हा राजा प्रजेच्या सुखदुःखाशीं समरस होता, न्यायाचेच कर घेत होता, द्विजांचीं तशींच खालच्या लोकांचीं कुटुंबें त्यानें भरभराटीस आणलीं, हेंही तेथेंच आहे. तें लेणें दिलें बौद्ध भिक्षूंना. आणि पुढें त्याच घराण्यांतील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची कन्या होती, असें कान्हेरीचा लेख सांगतो. मग थांबविलेला संकर किती दिवस थांबला?

आमच्या मतें राजाची खरी पारख दुसऱ्याच ठिकाणीं होते. राज्याच्या १८ व्या वर्षीं त्यानें काखडी गांवचें २०० निवर्तनें शेत भिक्षूंना दिलें. सरकारी माणसांनीं तेथें पाऊल टाकूं नये, मिठासाठीं जमीन खणूं नये, असा हुकूम केला. परंतु २४ व्या वर्षीं दिसून आलें कीं, शेत कोणी कसत नाहीं आणि गांव ओस आहे. तेव्हां राजानें व राजमातेनें नगराच्या सीमेवरील सरकारी शेतांतून १०० निवर्तनें दिलीं, आणि हें सारें पहिल्या हुकुमाखालींच कोरविलें. दान दिलें तें कागदावरच राहिलें, हें उघड सांगणारे सत्ताधारी किती निघतील?

शाळामास्तरांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मुलांस ३ नंबरच्या लेण्यासमोर उभें करावें व दोन्ही हुकुमांचा अर्थ सांगावा. जो समाज आपला इतिहास स्वतः वाचीत नाहीं, त्याला दुसऱ्यानें निवडून दिलेली एकच ओळ ऐकावी लागते.