तुमचं लाइट बिल हा आता तुमच्या ग्राहकाचाही प्रश्न आहे



"कार्बन, क्लायमेट हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. आपण दहा मशीनवाले, आपला काय संबंध?" हा प्रश्न मला दर बॅचमध्ये ऐकू येतो. माझं स्पष्ट मत आहे: संबंध आहे, आणि तो थेट ऑर्डरशी आहे. कसा, ते एका कंपनीच्या उदाहरणावरून बघू.

जपानमधल्या क्योटोजवळची मुराता मॅन्युफॅक्चरिंग. १९४४ साली सुरू झालेली ही कंपनी सिरॅमिक कपॅसिटर बनवते. तुमच्या खिशातल्या स्मार्टफोनमध्ये असे हजारेक कपॅसिटर असतात. काही तर मिठाच्या कणापेक्षाही लहान! आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वस्तूचं प्रदूषण ते काय? पण हे सिरॅमिक भट्टीत हजार अंशांच्या वर भाजावं लागतं. भट्ट्या, स्वच्छ हवेच्या खोल्या, एसी, सगळं रात्रंदिवस चालू. म्हणजे खरा मुद्दा वस्तूच्या आकाराचा नाही, विजेचा आहे.

मुराताने काय ठरवलं? २०१९-२० हे वर्ष पाया धरायचं. २०३०-३१ पर्यंत स्वतःचं उत्सर्जन, म्हणजे स्कोप १ आणि २, ४६ टक्क्यांनी कमी करायचं. स्कोप ३ मात्र २७.५ टक्क्यांनी. शिवाय १०० टक्के वीज अक्षय स्रोतांतून घ्यायची. त्यासाठी आधी २०५० ची मुदत होती, ती पुढे अलीकडे ओढून २०३५ केली. नुसती घोषणा करून थांबले नाहीत. फुकुई प्रांतातला कानाझूचा कारखाना त्यांनी २०२१ मध्येच पूर्णपणे अक्षय विजेवर आणला. सौर पॅनल, साठवणीसाठी बॅटऱ्या, आणि उरलेली गरज हरित वीज विकत घेऊन.

हे स्कोप म्हणजे काय?

आपल्या शेडच्या भाषेत सांगतो. जनरेटरचं डिझेल, भट्टीचा गॅस, म्हणजे तुमच्या आवारात जे जळतं ते स्कोप १. महावितरणचं बिल हा स्कोप २. आणि कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या मालाचा वापर, म्हणजे तुमच्या गेटबाहेरचं बाकी सगळं, स्कोप ३.

आता ते दोन आकडे पुन्हा बघा. ४६ आणि २७.५. हा फरक का? माझ्या मते कारण साधं आहे. स्वतःची भट्टी आपल्या हातात असते, सप्लायरची नसते. मोठ्या कंपनीचं अवघड काम सप्लायरच्या शेडमध्ये अडकलेलं असतं. आणि तो सप्लायर कोण? भोसरीत, चाकणला, सातपूरला बसलेले तुम्ही! मुराताला माल देत नसाल, पण तुमच्या ग्राहकाचं गणित हेच आहे. तुम्ही त्याच्यासाठी जाळलेलं डिझेल त्याच्या स्कोप ३ मध्ये जातं. आपल्याकडेही सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा तपशील देणं बंधनकारक केलं आहे. ते फॉर्म फिरत फिरत तुमच्या मेलवर येणारच.

मग करायचं काय?

कन्सल्टंट शोधायच्या आधी मागच्या बारा महिन्यांची लाइट बिलं काढा. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, एक लिटर डिझेलमागे २.७ किलो. समजा महिन्याला १०,००० युनिट आणि २०० लिटर डिझेल लागतं. झाले ७,००० अधिक ५४०, म्हणजे साडेसात टन. त्यात ५०,००० नग बनले, तर एका नगामागे दीडशे ग्रॅम. बस, तुमचा पहिला हिशेब तयार! शाळेतल्या पोराला जमेल असं गणित आहे.

दोन्ही आकडे लिहून ठेवा, एकूण टन आणि नगामागे ग्रॅम. धंदा वाढला की एकूण आकडा वाढणारच, तेव्हा नगामागचा आकडा तुमची सुधारणा दाखवतो. पण फक्त तोच दाखवून एकूण आकडा लपवू नका. मुराताचं टार्गेट एकूण उत्सर्जनाचं आहे. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे कपॅसिटरची मागणी वाढत असताना ते पाळणं सोपं नाही, म्हणूनच त्याला किंमत आहे.

मग गळती शोधा. रविवारी शेड बंद असताना कंप्रेसर चालू करून फिरा, कुठे फुसफुस ऐकू येते ते खडूने मार्क करा. गरज नसताना हवेचा दाब जास्त ठेवला असेल तर एक बार कमी करा, कंप्रेसरची वीज साधारण ६-७ टक्के वाचते. सोलर त्यानंतर. गळक्या टाकीत जास्त पाणी ओतून काय उपयोग?

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. फॉर्ममध्ये अंदाजपंचे आकडा ठोकू नका. ग्राहक उद्या बिलं मागेल, आणि खोट्या आकड्याने गेलेला विश्वास डिस्काउंट देऊन परत येत नाही.

आणि मोठ्या कंपन्यांच्या परचेसवाल्यांनाही माझं सांगणं आहे. सप्लायरकडून कार्बन कमी हवा आणि दरही दरवर्षी कमी हवा, हे दोन्ही एकाच वेळी कसं जमेल? टार्गेट तुमचं, खर्च मात्र त्याचा, हे बरोबर नाही. मित्रांनो, तुम्हीही हे मागायला लाजू नका. आकडे समोर ठेवा आणि बोला: "साहेब, एवढा कार्बन कमी केला, आता तीन वर्षांची ऑर्डर पक्की करा." हातात हिशेब असेल तरच हे वाक्य तोंडातून निघतं.

टार्गेट म्हणजे भिंतीवरचं पोस्टर नव्हे. पायाचं वर्ष, आकडा आणि मुदत, या तिन्ही गोष्टी असतील तरच ते टार्गेट. हा नियम मुराताला लागू आहे आणि तुमच्या दहा मशीनच्या शेडलाही. या आठवड्यात बिलं काढा, आणि तुमचा नगामागचा आकडा किती आला ते मला नक्की कळवा.