उतरणाऱ्याचा व्यायाम

जिममध्ये कॅलरीच्या आकड्याकडे डोळे लावून धावणारी मंडळी दिसली, की मला १९५२ सालच्या दोन सायकली आठवतात. लंडनमध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पॅडल मारायचं, दुसऱ्याने ते नुसतं रोखायचं. पायांवरचा जोर सारखाच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला! रॉयल सोसायटीत तर म्हणे एका लहानखुऱ्या बाईने धिप्पाड गड्याला दमवलं.

स्नायू आखडताना मायोसिनचे 'हात' अ‍ॅक्टिनच्या धाग्याला धरून ओढतात आणि दर वेळी पकड सोडायला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. स्नायू जोर लावत असताना ताणला गेला, की ही पकड बरीचशी ओढीनेच सुटते. शिवाय तेवढ्याच जोराला कमी तंतू पुरतात.

म्हणून 'उतरण्यात कसला आलाय व्यायाम' म्हणत लिफ्टने खाली येणं मला अजिबात पटत नाही. सिंहगड चढताना धाप लागते खरी, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. आपल्या आईवडिलांच्या वयात तर धाप न लागता मांड्यांना काम मिळणं हीच मोठी गोष्ट. ट्रेडमिलवरच्या आकड्यात ती दिसत नाही, त्याला काय करणार? गुडघे कुरकुरत असतील तर अर्थात आधी डॉक्टरांना विचारा, आणि कठडा धरून सावकाश उतरा.